किल्लारीचा धसका

सोलापुरातील ज्या गृहस्थांचे वय आज चाळिशीच्या बरेच पुढे गेले आहे, त्यांस १९९३ सालच्या सप्टेंबरची ३० तारीख विसरता येणे शक्य नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या. गुलालाने माखलेले कपडे खुंटीस अडकवून माणसे अंथरुणावर पडली, त्यांस झोप लागते न लागते तोच, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी, फळीवरची भांडी खडखडली, दारांच्या कड्या आपोआप वाजू लागल्या आणि लोक घाबरून रस्त्यावर आले. आम्ही त्या वेळी नुकतेच एम. ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो. घराजवळून एखादी मालगाडी गेली असावी असे प्रथम आम्हांस वाटले; मग ध्यानात आले की आमच्या घराजवळून रूळ जातच नाहीत. उजाडेपर्यंत चौकात थोडी थट्टामस्करीही झाली, हे आज सांगावयास संकोच वाटतो. पुढे उमरग्याच्या रस्त्याने ट्रक, ट्रॅक्टर, जीप, मिळेल ते वाहन जखमींस घेऊन येऊ लागले आणि ती थट्टा आमच्या तोंडीच विरली. सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पाय ठेवावयास जागा उरली नाही.

त्या व्हरांड्यात पाणी व बिस्किटे वाटण्याचे काम आम्ही पुढील चार-पाच दिवस केले. मोडलेली हाडे आणि फुटलेली डोकी यांच्याकडे पाहावयास डॉक्टर होते, आणि त्यांनी त्या दिवसांत जे कष्ट उपसले त्यांस तोड नाही. आमच्या स्मरणात मात्र राहिला तो एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. खरचटण्यापलीकडे त्यास काही लागले नव्हते. केसांत आणि पापण्यांत पांढरी माती तशीच बसलेली होती. तो भिंतीस टेकून बसेना. परिचारिकेने त्यास हाताला धरून तीनदा भिंतीशी नेऊन बसविले आणि तीनदा तो उठून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, व्हरांड्याच्या मधोमध जाऊन बसला. शेवटी ती बिचारी त्याच्यावर ओरडली. त्या मुलाची नोंद कोणत्याही कागदावर झाली असेल असे आम्हांस वाटत नाही. कारण लोकांच्या लेखी त्यास काहीच झालेले नव्हते.

भूकंपाची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे, तरी तिचा सांगाडा येथे मांडणे अवश्य आहे. धक्क्याची तीव्रता ६·२ च्या आसपास होती. जगाच्या मानाने हा आकडा फार मोठा नव्हे. परंतु केंद्र उथळ होते आणि वेळ साखरझोपेची होती. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी व तिच्या भोवतालची खेडी, आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे काही क्षणांत ढिगारे झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ जातो. अन्य गणना तो दहा हजारांच्या घरात नेतात. दख्खनच्या काळ्या खडकावर भूकंप होत नाही, अशी विद्वान व अडाणी या दोघांचीही समजूत होती. १९६७ सालच्या डिसेंबरात कोयनेने ती एकदा मोडली होती, परंतु तो दोष धरणाचा म्हणून सोडून देण्यात आला. किल्लारीकरांसही माकणीच्या तेरणा धरणाचा संशय आलाच.

माणसे मारली ती भूकंपाहून घरांनी अधिक. त्या भागातील घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीची, चिखलात रचलेल्या दगडांची भिंत आणि वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचे माळवद. पावसाळ्यात माळवद गळू लागले की त्यावर माती टाकावयाची. अशी बापाने टाकलेली, आजाने टाकलेली माती थरावर थर साचून छपराचे ओझे वाढत गेलेले. धक्क्यासरशी दगड आत-बाहेर ढासळले आणि वरच्या मातीने खालच्यांचा श्वास कोंडला. यांत दैवाचा एक विपरीत न्याय झाला. ज्याचा वाडा भक्कम, त्याच्या घरी प्रेते अधिक. गावकुसाबाहेर कुडाच्या झोपडीत राहणारा पुष्कळदा जिवंत बाहेर आला. ही गोष्ट पुढे ज्या मुलांविषयी आम्हांस लिहावयाचे आहे त्यांच्या मनात फार खोल गेली. घर, भिंत, आढे, थोरल्यांनी बांधलेले छप्पर, ज्याच्या आश्रयास मूल जाते ते सर्व त्यांच्या डोळ्यांदेखत मारेकरी झाले.

आणखी एक गोष्ट अशी की, या लोकांस पूर्वसूचना मिळालेली होती. १९९२ सालीच किल्लारीच्या परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात चांगला जाणवेल असा धक्का बसला. लोक कित्येक रात्री घराबाहेर निजले. पुढे धक्के विरळ झाले, थंडी पडली, चोरांची भीती वाटू लागली, आणि माणसे हळूहळू पुन्हा माळवदाखाली गेली. ज्या घरात "काही होत नाही, आत ये" असे आईने किंवा बापाने मुलास म्हटले असेल, त्या घरातील वाचलेल्या मुलाने पुढे कोणत्या मोठ्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवावा?

असो. आम्ही इतिहासाचे अध्यापक. आमची खोड अशी की कोणत्याही प्रसंगाची साधने कोणती, हे आधी पाहावयाचे. किल्लारीच्या भूकंपाची साधने विपुल आहेत. पंचनामे आहेत, नुकसानभरपाईच्या याद्या आहेत, जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसनाचे अहवाल आहेत. ५२ गावे नव्या जागी उठवून बसविली, लाखांवर घरांची डागडुजी व मजबुती केली, हे सर्व त्यांत मिळते. किती जनावरे दगावली तेही मिळते. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांस त्या हिवाळ्यात झोप लागत होती की नाही, हे मात्र त्यांत मिळत नाही. मृतांची, जखमींची, अनाथांची यादी होऊ शकते. दचकणाऱ्यांची यादी कोण करणार? १९६१ सालच्या पानशेतच्या पुराविषयीही हेच आहे. त्या वेळच्या शाळकरी मुलांच्या मनाचे काय झाले, हे जाणावयाचे असेल तर आज ऐंशीच्या घरात असलेल्या पुणेकरांच्या गप्पांवाचून दुसरे साधन नाही.

मराठी माणसास या दुखण्याची ओळख नव्हती असे मात्र नव्हे. 'पोराने धसका घेतला', 'छातीत धस्स झाले', 'हाय खाल्ली' हे शब्दप्रयोग आपल्या आयाबायांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांतील सूक्ष्म भेद पाहण्याजोगे आहेत. 'धस्स होणे' हे क्षणाचे. 'धसका घेणे' हे टिकणारे. आणि 'हाय खाणे' हे माणसास आतून पोखरून बहुधा शेवटास नेणारे. धसका हा 'बसतो' तसाच 'घेतला'ही जातो, म्हणजे मनुष्य तो बाहेरून उचलून आत ठेवतो. एवढे निदान केल्यावर उपचार मात्र मीठ-मोहऱ्या उतरून टाकणे, अंगारा, ताईत, नाहीतर बाहेरची बाधा म्हणून एखाद्या देवस्थानी नेणे, येथेच थांबत असे. या उपचारांची चेष्टा करणे इंग्रजी शिकलेल्या माणसास फार सोपे आहे. परंतु रात्री उठून ओरडणाऱ्या मुलाभोवती घर जमते, त्याच्या भयास कोणीतरी खरे मानते, एवढे तरी त्यांत होते. 'एवढा मोठा घोडा झालास, भितोस काय?' या आपल्या सुशिक्षित उपचारात तेही होत नाही.

पाश्चात्त्यांस या दुखण्याचे नाव सापडण्यास बराच काळ लागला. १८६६ साली लंडनच्या एरिक्सन नावाच्या शल्यवैद्याने आगगाडीच्या अपघातातून वरवर धडधाकट सुटलेल्या, परंतु पुढे निद्रानाश व भय यांनी ग्रासलेल्या उतारूंविषयी लिहिले; दोष पाठीच्या कण्याचा असावा असा त्याचा तर्क होता. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर दा कोस्टा याने १८७१ साली सैनिकांच्या धडधडणाऱ्या हृदयाची लक्षणे मांडली. १९१५ साली मायर्स याने तोफगोळ्यांच्या माऱ्याने खचलेल्या शिपायांच्या अवस्थेस 'शेल शॉक' हे नाव छापून आणले. त्याच युद्धात अशा कित्येक शिपायांस भित्रे म्हणून शिक्षाही झाल्या. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मानसवैद्यांच्या अधिकृत कोशात या विकाराने स्वतंत्र जागा मिळविली. आपल्याकडे त्यास 'आघातोत्तर तणाव विकृती' म्हणतात. शब्द बरोबर आहे, परंतु तो उच्चारावयासच थोडा आघात सोसावा लागतो; आम्ही या लेखात 'धसका' हाच शब्द ठेवणार आहो.

या वंशावळीत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. आगगाडीचा उतारू, शिपाई, पुन्हा शिपाई. सगळे प्रौढ पुरुष. मुले कोठे आहेत? मूल विसरते, मुलाचे मन चिखलासारखे मऊ असते, ठसा उठतो तसाच बुजतो, अशी युरोपातही समजूत होती. ती प्रथम हलली दुसऱ्या महायुद्धात. अॅना फ्रॉइड व डॉरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनवरील बॉम्बवर्षावात सांभाळलेल्या मुलांविषयी १९४३ साली लिहिले, आणि त्यांतून निघालेला निष्कर्ष लोकांस चमत्कारिक वाटला: बॉम्बपेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांस अधिक जाचली होती. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियातील चाउचिला गावी शाळेच्या बसमधील २६ मुलांस पळवून नेऊन जमिनीखाली पुरलेल्या एका ट्रकात कोंडण्यात आले. सोळा तासांनी ती सर्व सुखरूप सुटली. गावाने देवाचे आभार मानले. लेनोर टेर या मानसवैद्य बाईंनी त्या मुलांचा पिच्छा पुरविला, तेव्हा सुखरूप सुटलेल्या मुलांपैकी कोणीच सुखरूप नव्हते, असे दिसून आले. आपण फार दिवस जगणार नाही, आपले लग्न, नोकरी, संसार काही व्हावयाचे नाही, असे ती मुले निर्विकारपणे बोलत.

वयात येणाऱ्या मुलांचा धसका मोठ्यांच्या धसक्याहून निराळा दिसतो, आणि म्हणूनच तो ओळखला जात नाही. मूळ लक्षणे तीच आहेत. घडलेला प्रसंग आठवणीसारखा आठवत नाही, तो पुन्हा घडतो. वास, आवाज, तिथी, कशाही निमित्ताने. जे जे त्या प्रसंगाकडे नेईल ते ते मन टाळू लागते. आणि शरीर रात्रंदिवस पहाऱ्यावर राहते: झोप नाही, चित्त ठरत नाही, पाठीमागे पेला पडला तरी काळजाचे पाणी होते. भयाच्या क्षणी देह पळावयास किंवा झुंजावयास सज्ज होतो, हे निसर्गाने दिलेले वरदान आहे. धसक्यात संकट सरल्याची वर्दी त्या पहारेकऱ्यास पोहोचतच नाही. पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविक असून बहुतेकांचे ते आपोआप निवळते. महिन्याच्या पलीकडे टिकले तर वैद्यकशास्त्र त्यास विकार म्हणते. परंतु पंधरा वर्षांच्या मुलात हे सर्व बाहेर कसे पडते? लहान मूल रडते, आईस बिलगते. मोठा मनुष्य निदान सांगतो. पंधरा वर्षांचा मुलगा उद्धट होतो. तो अभ्यास सोडतो, उलट बोलतो, मोटारसायकल बेफाम हाकतो, मारामाऱ्या करतो. मुलगी असेल तर गप्प होते, पोट दुखते म्हणते, स्वयंपाकघरात राबत राहते आणि शेजारीपाजारी म्हणतात, 'पोर किती लवकर शहाणी झाली!'

संकटाने मुलास कोठे गाठले, यावर त्याच्या भयाचे रूप ठरते. आर्मेनियात ७ डिसेंबर १९८८ रोजी भूकंप झाला तो दुपारच्या आधी, शाळा भरलेल्या असताना. मुले वर्गांत गाडली गेली. मागे राहिलेल्यांस शाळेच्या इमारतीचे भय बसले. कच्छात २६ जानेवारी २००१ रोजी अंजारच्या अरुंद गल्लीत प्रजासत्ताकदिनाच्या फेरीतील मुलांवर दोन्ही बाजूंची घरे कोसळली. तेथे ज्याच्या मनात भय बसले असेल, त्याचे भय झेंडा आणि बिगुल यांच्याशी जोडले गेले असेल. किल्लारीच्या मुलांस संकटाने गाठले ते घरात, झोपेत, आणि गणपती बोळवून आल्यावर. म्हणून त्यांस शाळेचे भय नव्हते. पुष्कळांस पत्र्याच्या शेडमध्ये भरणारी शाळाच गोड वाटली. त्यांस भय होते निजण्याचे. आणि दरवर्षी भाद्रपदात ढोल-ताशा वाजू लागला, सगळा महाराष्ट्र आनंदात आला, की त्यांच्या पोटात गोळा येई.

येथे आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९७ सालची ती गोष्ट. आम्ही एका महाविद्यालयात इतिहास शिकवू लागून दोन वर्षे झाली होती. तरुण अध्यापकास शिस्तीची जी हौस असते ती आम्हांस जरा अधिकच होती. पहिल्या वर्षाच्या वर्गात उमरगा तालुक्यातील एक मुलगा नेहमी दाराजवळच्या बाकावर बसे. पुढे ये म्हटले तरी येत नसे. एके दिवशी मागे कोणाचा तरी बाक धाडकन आपटला आणि हा मुलगा, आम्ही बोलत असताना, वह्या तेथेच टाकून धावत बाहेर गेला. वर्ग खो-खो हसला. तो परत आला तेव्हा आम्ही त्यास उभे केले आणि चारचौघांत जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. 'खेड्यातून येता ते कशाला?' अशा धाटणीचे काहीतरी होते. तो खाली मान घालून उभा राहिला. त्यानंतर आठवडाभर आला नाही.

त्याच्या सोबत्याकडून कळले की हा मुलगा खोलीत निजत नाही. हिवाळा असो, पाऊस असो, गच्चीवर किंवा ओसरीत. अनंत चतुर्दशीच्या रात्री तर निजतच नाही. मिरवणुका संपल्या की सिद्धेश्वर तलावाच्या काठाने उजाडेपर्यंत हिंडत राहतो. आम्ही त्यास बोलावून घेतले. माफी मागावयाची असे ठरविले होते, परंतु अध्यापकाची जीभ त्या कामी वळत नाही. आम्ही चहा मागविला. बराच वेळ गेल्यावर तोच म्हणाला, "सर, मी वांडपणा म्हणून नव्हतो पळालो." मग थोडे थोडे करून त्याने सांगितले. त्या रात्री विसर्जनाहून परतल्यावर तो सोबत्यांबरोबर देवळाच्या पारावर निजला होता. धाकटी बहीण बोलवावयास आली होती. त्याने तिला दटावून घरी पाठविले होते. "तिला म्हटलं असतं, तूबी हितंच झोप, तर..." एवढे बोलून तो थांबला, आणि त्याने ते वाक्य आमच्यासमोर कधीच पुरे केले नाही.

वाचलेल्याच्या मनातील अपराधाची ही भावना धसक्याच्या सर्व लक्षणांत आम्हांस अत्यंत दारुण वाटते. बुद्धीस ती पटत नाही आणि बुद्धीने ती जातही नाही. शिवाय त्या वयात मुलाने आईबापांशी भांडावयाचे असते, घराबाहेर निजावयाचे असते, बहिणीस दटावावयाचे असते. ते वयाचे कामच आहे. भूकंपाने त्या साध्या उनाडपणाचा गुन्हा केला. आणि ज्यांचे आईबापच गेले त्यांच्या वाट्यास दुसरीच शिक्षा आली. भरपाईच्या धनादेशावर सही कोणाची, जमिनीचा वारस कोण, पालक कोणता काका होणार, या भांडणांत चौदा-पंधरा वर्षांची मुले एकाएकी घरातील कर्ती माणसे झाली. 'पोर खंबीर आहे' असे ज्याच्या त्याच्या तोंडी ऐकू येई. आम्हीही त्या काळात हे वाक्य पुष्कळदा उच्चारले आहे. आज असे वाटते की, ज्यास रडावयास कोणी सवड दिली नाही त्यासच आपण खंबीर म्हणत होतो.

अनाथ व निराधार झालेल्या मुलांपैकी सुमारे १,२०० जणांस भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी पुण्यास नेले व त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. आपल्याकडे या उपक्रमास जुना दाखला आहे: १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून मुली आणून केडगावच्या आश्रयात वाढविल्या होत्या. एका माणसाने मनावर घेतल्याने शेकडो जीव मार्गी लागतात, हे दोन्ही ठिकाणी दिसले. तरी प्रश्न उरतोच. अॅना फ्रॉइड यांचा अनुभव प्रमाण मानला तर मुलास त्याच्या उरल्यासुरल्या माणसांपासून तोडणे हा दुसरा आघात ठरतो. आमचे मत विचाराल तर ते बेतशीर आहे. ज्या गावात शाळा नाही, घर नाही, आणि रोज पाहावे तिकडे ढिगाराच, तेथे मुलास ठेवण्यापेक्षा शंभर समदुःखी सोबत्यांच्या संगतीत, वेळेवर जेवणखाण व वेळेवर शाळा अशा ठिकाणी नेणे चांगले. घराची वाट तेवढी खुली ठेवली पाहिजे. एकाच गावची मुले एकत्र राहतात तेव्हा रात्री कोण का ओरडले, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. या संगतीचे मोल आमच्या त्या विद्यार्थ्यास मिळाले नाही. तो चाळीस अनोळखी मुलांच्या वर्गात एकटा होता.

नव्या गावांविषयीही थोडे बोलले पाहिजे. ती भूकंपास टिकतील अशी बांधली, हे योग्यच झाले. परंतु आखणी करणाऱ्यांनी सरळ रस्ते, सारखी घरे, ओळीत ओळ अशी रचना केली. जुन्या गावात गल्ली वळे तेथे भावकीचे घर, पुढे पार, पुढे आड. मूल रात्री-अपरात्री अंधारातही चालले तरी त्यास वाट ठाऊक. नव्या गावात पहिली काही वर्षे मोठी माणसेही चुकून दुसऱ्याच्या दारात जात. सिमेंटचे छप्पर पक्के आहे, हे अभियंत्याने सांगितले. ते पटण्यास कित्येकांस फार वर्षे लागली, आणि तोवर त्यांनी खाटा अंगणातच ठेवल्या.

मनाच्या उपचारासाठी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने, डॉ. मोहन आगाशे हे तिचे संचालक असताना, भूकंपग्रस्त भागात या दृष्टीने काम केले. रंगभूमीवर ज्यांस आपण पाहतो तेच हे गृहस्थ. आपल्या देशात आपत्तीनंतर अन्नवस्त्रांबरोबर मनाचाही विचार करावयाचा असतो, ही जाणीव भोपाळ, किल्लारी, ओडिशा, कच्छ या पायऱ्यांनी वाढत गेली. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर चौदा महिन्यांनी ओडिशातील १०८ किशोरवयीन मुलांची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांतील २६·९ टक्के मुलांत धसक्याचा पुरता विकार आढळला. म्हणजे वर्ष उलटून गेल्यावरही दर चार मुलांत एक! चाळीसांच्या वर्गात दहा. आम्ही हा आकडा प्रथम वाचला तेव्हा १९९७ सालच्या त्या वर्गाची हजेरी डोळ्यांपुढे आली. त्यात उमरगा-औशाकडची आणखी किती नावे होती, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

उपाय काय, असे वाचक विचारतील. आर्मेनियातील ग्युम्री शहरात काही शाळांत मुलांस भूकंपाची आणि गेलेल्या माणसांची गोष्ट क्रमाक्रमाने, जाणत्या माणसाच्या सोबतीने, सांगू दिली. काही शाळांत तेवढे मनुष्यबळ नव्हते म्हणून ते झाले नाही. भूकंपानंतर तीन वर्षांनी तुलना केली, तेव्हा पहिल्या मुलांचा धसका उतरला होता व दुसऱ्यांचा वाढला होता. १९९७ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या वर्षी आम्ही एका मुलास वर्गात उभे करून झाडत होतो, त्याच वर्षी त्यास काय दिले पाहिजे हे छापून आले होते! यांत एक इशारा मात्र आहे. दुसऱ्याच दिवशी माइक घेऊन 'तुला काय वाटले?' असे विचारणे म्हणजे उपचार नव्हे. घाईने एकदाच बोलते करून निघून जाण्याने लाभ होत नाही, असे आता तज्ज्ञही मानतात. आधी सुरक्षित जागा, ओळखीची माणसे, वेळेवर शाळा, खेळ. बोलणे मुलाच्या गतीने. आणि महिना-दोन महिन्यांनीही झोप परतली नाही तर मानसवैद्य. जिल्ह्याच्या ठिकाणी ते आज मिळतात. १९९३ साली खेड्यातील मुलास ते मिळणे जवळजवळ अशक्य होते.

हे सर्व आज लिहावयाचे निमित्त निराळेच आहे. २०२५ सालच्या सप्टेंबरात सीना नदीस महापूर आला आणि आमच्या जिल्ह्यातील माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतील काठची गावे पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर आमच्या विद्यार्थ्यांबरोबर आम्ही एका गावच्या शाळेत वह्या-पुस्तके घेऊन गेलो. भिंतींवर खिडकीच्या वरपर्यंत चिखलाची रेघ होती. वर्ग मात्र भरलेले होते. नववीच्या वर्गात एका मुलीने आपला बाक ओढून दारापाशी नेला होता. बाहेर ढग गडगडले तशी ती उठून उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, कोळेगावातनं पाणी सोडलं का?" शिक्षक तरुण होते, गेले पंधरा दिवस तेही झोपले नसावेत. ते तिला खाली बस म्हणून ओरडणार, इतक्यात आम्ही त्यांच्या हातास स्पर्श केला. मग ते खिशातून फोन काढून, धरणावरच्या कोणास तरी तिच्यादेखत विचारू लागले. उत्तर येईपर्यंत वर्ग थांबला. पाणी सोडलेले नव्हते. ती बसली, परंतु बाक दारापाशीच राहू दिला.